एकटी राबणारी डिस्क

आक्कांच्या घरात दोन गोष्टी कुलपात राहत: दागिने आणि चित्रीकरण. दागिने निदान अधूनमधून बाहेर मुक्काम करून येत. चित्रीकरणाला तीही मुभा नव्हती. एकदा जुना संगणक जळाला आणि त्याच्या पोटातले एक अख्खे नाटक त्याच्याबरोबर गेले, तेव्हापासून आक्कांचा दंडक होता की मूळ चित्रीकरण यंत्रात ठेवायचे नाही. ते लोकरी पिशवीतल्या हार्ड डिस्कवर राहील आणि ती डिस्क आक्कांच्या कपाटात. सकाळी ती संगणकाला जोडावी, तिच्यावरूनच काम करावे आणि दिवेलागणीला सन्मानाने परत आणून द्यावी.

मुलगा चित्रीकरण करी, सूनबाई त्याची फिल्म जुळवी, आणि आक्का दोघांवर नजर ठेवीत. वसतिगृहाची भोजनशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या बाईला याहून हलके काम जमण्यासारखे नव्हते.

सध्या काम होते विहीणबाईंचे. सूनबाईच्या या मातोश्री पोहण्याच्या क्लबच्या अध्यक्षा. क्लबची फिल्म रविवारी समारंभात दाखवायची होती, आणि संगणकाच्या पडद्यावर एक गृहस्थ उंच फळीवरून उडी मारून हवेतच अडकले होते. सूनबाई चहा करून आली तरी ते खाली आलेले नव्हते.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला.

"नसेल जमत तर मोकळेपणी सांगा हो. इथे एक मुलगा आहे, तो मोबाइलवरच करून देतो म्हणतो."

"तुमची मंडळी पाण्यातली," आक्का म्हणाल्या. "वाळवायला वेळ लागतो. रविवारी फिल्म तुमच्या हातात असेल."

फोन ठेवून आक्का वळल्या. शब्द गेला होता. तो खाली पडला, तर पुढची दहा वर्षे विहीणबाई प्रत्येक भेटीत तो उचलून दाखवणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"यंत्र हळू का चालतं?"

"ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय," मुलगा घाईने म्हणाला. "नवं घेऊ. त्याला रंगीत दिवेसुद्धा असतात."

"दिवे लावायला तू आहेस की घरात. सूनबाई, तुझं काय म्हणणं?"

"रॅम वाढवली तर..." सूनबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाली. "म्हणजे, वाढवून बघता येईल."

"काल म्हणत होतात, प्रोसेसर बदलू. रोज नवा आजार, नवा वैद्य." आक्कांनी खुर्ची ओढून घेतली. "माणूस नेमायचा असेल तर मी आधी स्वयंपाकघरात बसून बघत असे, कोण राबतंय आणि कोण नुसतं पातेलं वाजवतंय. दाखव मला. यात कामाला कोण कोण आहे?"

सूनबाईने अनिच्छेने एक खिडकी उघडली. त्यात प्रत्येक भागाच्या कामाचा आलेख होता. प्रोसेसर जेमतेम हालत होता. रॅम अर्धी मोकळी. ग्राफिक्स कार्ड तर साफ झोपले होते. आणि सर्वांत खाली एकच रेघ वरच्या काठाला चिकटून बसली होती: शंभर टक्के.

"ही एकटी राबणारी कोण?"

मुलाला छतावर काहीतरी महत्त्वाचे दिसले.

"ती... तुमच्या कपाटातली डिस्क, आक्का," सूनबाई म्हणाली.

आक्कांचा चेहरा उजळला. "बघा. सगळे ऐतखाऊ, आणि काम कोण करतंय? माझ्या कपाटातली म्हातारी. आणि तुम्ही या झोपाळूंना आणखी भावंडं आणायला निघालात."

मुलगा खोकला. सूनबाईने आधीच सरळ असलेला माउस आणखी सरळ केला. आक्कांनी आयुष्यभर वसतिगृहातल्या मुलींना आणि स्वयंपाकिणींना धाकात ठेवले होते. गप्प बसण्याचे प्रकार त्यांना पाठ होते. हे कबुलीचे मौन नव्हते. हे दयेचे मौन होते, आणि दया आक्कांना मुळीच सोसत नसे.

त्यांनी पुन्हा त्या रेघेकडे पाहिले, आणि त्यांना भोजनशाळेतल्या कोठीवरच्या काकू आठवल्या. बिचाऱ्या घामाघूम होऊन एका वाटीने पीठ मोजून देत, आणि बारा स्वयंपाकिणी रिकाम्या पराती घेऊन रांगेत उभ्या. बाहेरच्याला वाटे, काकूच तेवढ्या कष्टाळू. खरे तर सगळ्या खोळंबलेल्या असत त्या काकूंच्याच वाटीपायी.

दोघांनाही हे कधीचेच ठाऊक होते, हे आक्कांना उमगले. त्या डिस्कबद्दल ब्र काढण्यापेक्षा अख्खा संगणक बदलायची त्यांची तयारी होती.

"कोठीवर माणूस चपळ लागतो," आक्का शेवटी म्हणाल्या, जणू हे त्या मघापासूनच सांगत होत्या. "यंत्राच्या आत बसणारी, वेगाने देणारी डिस्क मिळत असेल की."

"एसएसडी," सूनबाई इतक्या झटकन म्हणाली की तिचीच जीभ चावली गेली.

"तीच. चित्रीकरणाची नक्कल तिच्यावर, आणि काम तिच्यावरून. मूळ चित्रीकरण मात्र या म्हातारीपाशीच, कपाटात. नियम मोडलेला नाही."

"पण आक्का, हे तर आम्ही..."

"तुम्ही काय?"

"काही नाही," मुलगा म्हणाला आणि चप्पल घालू लागला.

दुकानात आक्का स्वतः गेल्या. दुकानदाराने काउंटरवर एसएसडी ठेवली. आक्कांनी ती तळहातावर तोलली, चॉकलेटच्या वडीएवढ्या वस्तूवर विश्वास टाकावा का याचा विचार केला, आणि एकच प्रश्न विचारला:

"यंत्राच्या डब्याला कुलूप बसतं का?"

त्या संध्याकाळी पडद्यावरचे गृहस्थ एकदाचे पाण्यात पडले, आणि पाठोपाठ अख्खा क्लब. फिल्म शनिवारीच पोहोचली. विहीणबाईंचा फोन आला. त्यात कौतुक होते, पण ते शोधावे लागत होते.

"नवं यंत्र घेतलंत वाटतं?"

"छे हो," आक्का म्हणाल्या. "घरातलंच होतं सगळं. जरा कामाच्या जागा बदलल्या."

सूनबाई पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. आक्कांनी ते पाहिले, न पाहिल्यासारखे केले आणि कमरेच्या जुडग्यात नव्याने आलेली, यंत्राच्या डब्याच्या कुलपाची किल्ली चाचपली.

"हसून झालं की सांग," त्या म्हणाल्या. "डबा उघडून देते. आत धूळ बसली असेल."