तिसरी ओळ

बँडमास्तरांनी काठी स्टँडवर आपटली आणि गाणाऱ्या बायकांच्या रांगांकडे बघून मान हलवली. पुन्हा तेच. त्या छोट्या देशाच्या राष्ट्रगीताची तिसरी ओळ आली रे आली, की बायकांचा आवाज एकदम पडायचा.

"सूर खाली जातो तिथे. बायकांना झेपत नाही," असं ते सव्वीस वर्षं सांगत आले होते. उपायही त्यांनीच काढला होता: त्या ओळीवर ट्रम्पेटवाल्याने जीव तोडून फुंकायचं. त्यापायी त्या बिचाऱ्याचं नावच भोंगा पडलं होतं.

आज मात्र मास्तरांच्या खिशात वेगळीच भानगड होती. तिसऱ्या ओळीतलं 'तुझे पुत्र उभे' काढून 'तुझी मुलं उभी' करावं का, यावर सरकारी समितीने त्यांचं मत मागवलं होतं. मास्तरांचं उत्तर लिहून तयार होतं: शब्द बदलले तर चालीचं वाटोळं होईल. सही तेवढी राहिली होती. पण माणूस पडला काटेकोर, कानांनी ऐकल्याशिवाय सही कशी करणार?

"एकदा नव्या शब्दांनी म्हणा," ते म्हणाले. "म्हणजे सगळ्यांनाच कळेल काय ते."

"मी वाजवू ना?" भोंग्याने विचारलं.

"वाजव की. नाहीतर त्या ओळीत उरणार काय?"

तिसरी ओळ आली. भोंग्याने गाल फुगवून फुंकलं, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. बायकांच्या चारही रांगा तो खालचा सूर असा भरून गात होत्या, की खिडकीची तावदानं थरथरली. दुसऱ्या रांगेत मास्तरांची बायको होती. या ओळीवर ती दम घेते, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. आज ती गात होती.

गाणं संपलं. मास्तरांना लाज वाटली, कान गरम होईपर्यंत.

"तो खालचा सूर झेपायचा नाही ना गं तुला?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"सुराला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "चांगला आहे की."

मास्तरांनी पत्र बाहेर काढलं, उभं फाडलं आणि तुकडे परत खिशात घातले. सभागृहात कचरा केलेला त्यांना खपत नसे. मग ते भोंग्याच्या स्टँडपाशी गेले. तिथल्या कागदावर तिसऱ्या ओळीशी त्यांनीच कधीकाळी लिहिलेलं 'जोरात' ते खोडरबराने पुसू लागले. पेन्सिल जुनी होती, लवकर जाईना.

"मग तिथे मी काय करू?" भोंग्याने विचारलं.

"ऐक," मास्तर म्हणाले.