लोळून घेतलेले झेल

बेसबॉलच्या यंदाच्या मोसमातला सर्वोत्तम क्षेत्ररक्षक म्हणून आनुल्फोला बक्षीस मिळालं आणि सान पेद्रोतल्या त्याच्या गल्लीत, कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, बिअरचा नुसता पूर आला. डॉमिनोचा डाव टाकून म्हातारेसुद्धा नाचायला उठले. आनुल्फो मात्र भरलेली बाटली हातात नुसती फिरवत एका कडेला उभा होता.

बक्षीस खरं तर राधामेसचं होतं. दोघे एकाच संघातले, मैदानाच्या टोकाला शेजारी शेजारी उभे राहणारे. फलंदाजाचे पाय बघूनच राधामेस निघायचा आणि चेंडू खाली येईपर्यंत तिथे जाऊन उभा असायचा, जणू बसची वाट बघतोय. पत्रकार म्हणायचे, "ह्याच्याकडे सगळे सोपेच झेल येतात, राव!" त्यांना काय, धूळ उडाली की डोळे दिपतात! आनुल्फोने हे ओळखलं आणि तो मुद्दाम क्षणभर उशिरा धावायला लागला. मग झेप, कोलांटी, मातीने माखलेला सदरा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

तेवढ्यात राधामेसच आला. "काय रे बक्षीसवाल्या, मला पाजणार की नाही?" म्हणत त्याने कडकडून मिठी मारली. आनुल्फोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सांगूनच टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तोच राधामेस त्याच्या कानाशी लागला.

"हसू नकोस हं. पण नाव झालं नाही, तर पुढच्या वर्षी मला संघात ठेवणार नाहीत. उद्या सकाळी मैदानावर येशील?"

"कशाला?"

"मला जरा पडायला शिकव."