अकरा ते सव्वाअकरा

मी कॉफीची मशीनं दुरुस्त करतो. मेहुण्याच्या ऑफिसातलं मशीन उघडलं आणि माझं डोकंच चक्रावलं. प्रत्येक कपाची वेळ त्याच्या मेमरीत राहते. एरवी अकराला नुसती झुंबड. पण दर महिन्याच्या एक तारखेला अकरा ते सव्वाअकरा फक्त एक कप! आणि मशीन तर ठणठणीत.

मेहुण्याची कंपनी म्हणजे क्रिप्टोचं दुकान. त्याच्याच शब्दावर लेकीच्या शिक्षणाचे पैसे मी त्यांच्या कॉइनमध्ये ठेवलेले. डोक्यात किडा वळवळायला लागला. पुढच्या एक तारखेला गाळणी बदलायचं निमित्त काढून बरोबर अकराला हजर झालो.

अकरा वाजले आणि सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये गेल्या. मेहुण्याचीही.

“काय चाललंय रे?”

“पगार आला, दाजी. कंपनीच्या कॉइनमध्ये येतो ना, तो काढून बँकेत टाकतोय. सगळेच टाकतात.”

“आणि माझे?”

“तुमचे राहू द्या की. वाढतायत.”

तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात काचेच्या केबिनमधून मालक रमतगमत आले, कॉफी घेतली आणि फुंकर मारत परत गेले. तो एक कप यांचा होता तर! मला जरा हायसं वाटलं.

“शीक त्यांच्याकडून. त्यांचा विश्वास बघ.”

मेहुण्याने मान वर केली नाही. “ते कॉइनमध्ये पगार घेतच नाहीत, दाजी.”

मी पाना खाली ठेवला आणि खिशातून मोबाइल काढला. अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती.