फेकायच्या रक्ताची सिरिंज

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सिरिंज आहे. गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात, कपाटातल्या कापसावर पडून असते. प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या आणि मला कोणी विचारीनासं झालं. पण माझीही ऐट होती बरं का!

भट्टीत माझा जन्म झाला. घासून घासून माझी नळी आणि दट्ट्या एकमेकांच्या मापाचे केले, मग गवतात गुंडाळून इथे धाडलं. रोज उकळत्या पाण्यात आंघोळ! कुरकुरायची सोयच नव्हती.

ज्यांच्या हाताची शीर सापडत नसे, अशांच्या गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत डॉक्टर उंदीरवाडे एक बारीक नळी बसवत. तिच्यातूनच सलाइन जाई आणि तपासणीचं रक्तही निघे. त्यासाठी गिरजाबाई सिस्टर आम्हा तीन सिरिंजांना घेत. पहिलं रक्त माझ्यात. त्यात नळीतलं सलाइन मिसळलेलं असे. म्हणून ते फेकायचं. खरा नमुना दुसरीत. तिसरीतल्या स्वच्छ सलाइननं नळी धुवायची. म्हणजे माझ्या नशिबी काय, तर फेकणं! मला भारी राग यायचा.

एका पावसाळ्यात धानोऱ्याच्या जंगलातून वारलू आपल्या बायकोला, सोमारीला, खाटेवर टाकून घेऊन आला. मलेरिया डोक्यात चढलेला, शुद्ध नाही. घरी तान्ही पोर. गळ्यातल्या नळीतून ग्लुकोज आणि मलेरियावरचं कोयनेल सुरू झालं. दुसऱ्या दिवशी रक्तातली साखर तपासायची होती. गिरजाबाईंनी माझ्यात रक्त ओढलं आणि त्या फेकायला वळल्या, तोच वारलूनं त्यांचा हात धरला.

"बाई, फेकू नोका! तिच्या अंगात रगतच नाई, अन् तुमी फेकून राह्यल्या? पाया पडतो तुमच्या!"

गिरजाबाई विरघळल्या. थेंबही वाया न घालवता त्यांनी माझ्यातलंच रक्त तपासणीच्या बाटलीत सोडलं. मी मेली खुशीत! आज माझं रक्त कामी आलं ना!

लॅबमधून निरोप आला, साखर भलतीच वाढली आहे. डॉक्टर म्हणाले, "साखर उतरवायला इन्सुलिन भरा."

गिरजाबाईंचा चेहरा पडला. "थांबा, साहेब. पहिलं रक्त मी फेकलंच नाही. ती साखर नळीतल्या ग्लुकोजची असेल."

"बाई, काय केलंत हे!" डॉक्टर ओरडले. मग स्वतःला सावरून म्हणाले, "सांगितलंत, बरं झालं. पुन्हा घ्या. नीट."

गिरजाबाईंनी साबणानं हात धुतले. सोमारीला सपाट निजवलं, ग्लुकोज थांबवलं, नळीचं तोंड स्पिरिटनं पुसून वाळू दिलं. सिरिंज बदलताना हवा आत शिरू नये म्हणून नळी चिमट्यानं बंद केली. वारलू पुन्हा पुढे आला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे जपलं तर तिचा जीव जाईल. फेकू द्या मले."

वारलूनं तोंड फिरवलं. माझ्यातलं रक्त गेलं. दुसरीनं नमुना घेतला, तिसरीनं नळी धुतली, ग्लुकोज पुन्हा सुरू झालं.

साखर अगदी तळाला गेलेली निघाली! कोयनेलनं असं होतं म्हणे. इन्सुलिन दिलं असतं तर सोमारी हातची गेली असती. माझ्या काचेला घाम फुटला. डॉक्टरांनी लगेच जादा ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं सोमारीनं डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं, "पोरगी कुठी हाय?"

वारलू लहान लेकरागत रडला. "घरी हाय. मायजवळ हाय. तू बरी हो."

त्या दिवसापासून माझा राग पार निवळला. मित्रांनो, दवाखान्यात तुमच्या माणसाच्या गळ्याजवळच्या नळीतून रक्त काढताना कोणी हात धुवायला वेळ लावला, थोडं रक्त फेकलं, तर रागावू नका. काऊन फेकता, असं जरूर विचारा. पण त्यांचा हात धरू नका.