जरा निवू द्या

मित्रांनो, मी एक जुनी जपानी स्टेशन वॅगन आहे. स्टेशन वॅगन म्हणजे स्टेशनावरची गाडी नव्हे हं! साध्या मोटारीची पाठ मागे लांबवली, डिकीच्या जागी एखादा माणूस आडवा झोपेल एवढी ऐसपैस जागा केली आणि वर उघडणारं दार बसवलं, की झाली माझ्यासारखी वॅगन. माझा रंग मातकट हिरवा आणि अंगकाठी लांबोडकी. पहिल्यांदा पाहणारे विचारत, "ही काय, पाव पोचवायची गाडी का?" मी मनातल्या मनात हसत असे. दिसतं तसं नसतं, हे त्यांना पहिल्याच चढावर कळत असे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी माझ्या पोटात एक चिमुकला पंखा बसवला. त्याला टर्बो म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर इतर गाड्या वाया घालवतात. माझा धूर जाता जाता हा पंखा फिरवतो आणि पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. टाकाऊतून टिकाऊ, दुसरं काय! शिवाय माझी चारही चाकं राबतात. इतर गाड्यांत दोन चाकं कामाची आणि दोन नुसती पाहुणी. माझ्याकडे फुकट बसून खाणारं कुणी नाही.

मला विकत घेतलं ते एका निवृत्त बसचालकाने. घरात त्यांना सगळे आजोबाच म्हणत. त्यांची लेक केक करून विकायची, जावई शाळेत चित्रकला शिकवायचे आणि नात होती चिमणी. घर टेकडीच्या टोकावर होतं. तिथे जाणारा रस्ता कसला, घसरगुंडीच होती ती! खडी, चिखल आणि मध्येच एक अवघड वळण. सगळ्यांची कामं खाली गावात. म्हणून रोज संध्याकाळी आजोबा एकेकाला गोळा करत आणि मी चौघांना घेऊन वर चढत असे.

पहिल्याच दिवशी मी धापा टाकत अंगणात पोचले. चिमणीने दाराला हात घातला, पण आजोबांनी इंजिन बंदच केलं नाही.

"थांबा सगळे," ते म्हणाले. "तिचा पंखा तापलाय. पळून आलेल्याला लगेच आडवं करतात का? जरा निवू द्या."

"पण तोवर करायचं काय?" चिमणी कुरकुरली.

"तोवर सांग, आज काय चांगलं झालं?"

तेव्हापासून तो घराचा नेमच झाला. चढ चढायचा, अंगणात थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं आणि प्रत्येकाने दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची. एक-दोन मिनिटांचाच कार्यक्रम, पण चुकवायची कुणाची बिशाद नव्हती. भांडून बसलेलेही तेवढ्यापुरते बोलत.

माझे ते दिवस मोठ्या मानाचे होते. एकदा तर तीन मजली लग्नाचा केक माझ्या पोटात होता आणि पाऊस मी म्हणत होता. शेजारच्या टेकडीवर लग्नघर होतं. वाटेत एक चकचकीत लाल मोटार चिखलात चाकं फिरवत रुतून बसली होती. हीच मोटार सकाळी माझ्याकडे बघून नाक मुरडून गेली होती. आजोबांनी मला हलक्या पायाने चालवलं, जणू मागे बाळ झोपलं आहे. मी तिला वळसा घालून अलगद वर गेले. केकवरचं साखरेचं एक फूलही हललं नाही. परत येताना आम्ही त्या लाल बाईंना दोर लावून ओढून काढलं.  

मग आजोबांची नजर अधू झाली. मग चिमणीची आई चालवू लागली आणि आजोबा शेजारी बसू लागले. नेम मात्र सुटला नाही.

सुटला तो डांबरामुळे. टेकडीचा रस्ता गुळगुळीत झाला आणि माझी गरज संपली. चिमणीचे वडील स्कूटरने येऊ लागले, चिमणी सायकलने. आईने केकसाठी गारवा राखणारी व्हॅन घेतली. आजोबा दिवसभर घरीच. संध्याकाळी जो तो आपापल्या वेळी येई आणि आपापल्या खोलीत जाई. माझ्यावर पाचोळा साचला. अंगणात दोन गाड्या मावेनात, कारण निम्मं अंगण वडिलांच्या कुंड्यांनी अडवलं होतं, आणि त्यांना हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. शेवटी मला विकायचं ठरलं. आजोबांनीही "विका" म्हटलं. मला फार वाईट वाटलं.

एके दिवशी एक गॉगलवाला मला बघायला आला. "चढावर चालवून बघा," आई म्हणाली. गाडी दाखवायला एकाने जावं ना? पण हे लोक सवयीने चौघेही आत बसले! खाली गावापर्यंत जाऊन वळताच गॉगलवाल्याने पाय दाबला. मी किती दिवसांनी पळाले! पंख्याने शीळ घातली.

"बापरे, म्हातारीत दम आहे!" तो ओरडला. अंगणात येताच त्याने खटकन किल्ली फिरवली आणि खाली उतरला.

"अहो, निवू द्या की!" चौघे एकदम ओरडले.

बिचाऱ्याने घाबरून इंजिन पुन्हा चालू केलं आणि तो बाहेरच उभा राहिला. आत चौघे जागचे हलले नाहीत.

"आई, तू आधी," चिमणी म्हणाली.

"आज लिंबाचा केक मस्त फुगला."

"माझ्या कुंडीत पहिली कळी आली," वडील म्हणाले.

"माझी मैत्रिणीशी कट्टी सुटली. आजोबा, तुमचं?"

 "माझं हेच," आजोबा म्हणाले. "खूप दिवसांनी मला कुणीतरी हे विचारलं."

आईने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, मग विका का म्हणालात?"

"अंगणात जागा नाही म्हणालीस ना."

 वडिलांनी काचेतून अंगणाकडे पाहिलं. "कुंड्या मी गच्चीवर नेतो."

गॉगलवाल्याने काचेवर टकटक केलं. "झालं का निवून?"

"झालं," आई म्हणाली. "पण गाडी आता विकायची नाही."

तो चिडलाच. पण लिंबाच्या केकचे दोन तुकडे पोटात गेल्यावर जरा निवला आणि जाताना म्हणाला, "कधी विकलीत, तर आधी मला सांगा."

आता अंगणात व्हॅन आणि मी शेजारी शेजारी उभ्या असतो. केक तिचे, माणसं माझी. संध्याकाळी आई आजोबांना शेजारी बसवून मला खाली नेते आणि मी पुन्हा चौघांना घेऊन वर येते. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचं तेलपाणी बघा, चाकं बघा. पण घरात कुणी दमूनभागून आलं, तर त्यांच्याजवळही जरा बसा आणि दिवस कसा गेला ते विचारा.

आणि एक गुपित सांगते. डांबरी चढावर आईच्या बेताच्या वेगाने माझा पंखा फारसा तापतच नाही. आल्या आल्या इंजिन बंद केलं तरी चालेल. हे मला ठाऊक आहे आणि आजोबांनाही ठाऊक आहे. पण आम्ही दोघं कुणाला सांगत नाही.