करडईच्या तेलातला म्हातारा

राजशेखरकाकांना जाऊन दोन वर्षं झाली आणि त्यांच्या बायकोला, सिद्धेश्वरीकाकूंना, त्यांचा चेहरा आठवेनासा झाला. डोळे मिटले की भिंतीवरचा हार घातलेला फोटोच समोर यायचा. बँकेच्या पासबुकासाठी काढलेला, ताठ, कुणी दम दिल्यासारखा. तो माणूस घरात असा कधी दिसलाच नव्हता. काकूंची थट्टा करायच्या आधी काकांच्या ओठाचा कोपरा जरासा वर जायचा. तो फोटोत कुठून येणार?

म्हणून काकू तन्वीरसरांच्या तैलरंगाच्या वर्गात दाखल झाल्या. सरांचा नियम कडक. आधी एखाद्या जुन्या युरोपियन उस्तादाच्या चित्राची हुबेहूब नक्कल करायची. ती वाळून पास झाली, की मगच घरचं माणूस. काकूंच्या वाट्याला आला एक दाढीवाला गोरा म्हातारा. मेला फोटोपेक्षाही गंभीर! पण काकू मंद्रूप गावच्या, चिवट. नेटानं बसल्या, आधी राखाडी थर दिला, मग त्यावर कातडीचे रंग.

म्हातारा काही वाळेना. महिना उलटला तरी गालाला बोट लावलं की चिकटायचं. शेवटी सरांनी रंगात मिसळायच्या तेलाची वाटी हुंगली.

"काकू, हे कसलं तेल?"

"करडईचं. माहेरच्या घाण्याचं हाय, लई शुद्ध."

"अहो, जवसाचं सांगितलं होतं ना! करडईचं फार सावकाश वाळतं. त्यात ओतलंयत किती, फोडणीला घालावं तसं!"

वर्ग हसला. काकूही हसल्या, पण मनात हिशेब चालू होता. हे वाळणार कधी, आणि तोवर ह्यांचा चेहरा आपल्यापाशी उरणार किती?

सगळे गेल्यावर काकूंनी ब्रश उचलला आणि म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा ओल्या रंगातच किंचित वर सरकवला. एवढंच केलं. तर समोर हे बसलेले, आता काहीतरी चावट बोलतील असे. "अगं बाई," म्हणत काकूंनी पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तन्वीरसरांनी चित्र पाहिलं. नक्कल साफ बिघडली होती. नियमाचं मात्र त्यांनी नाव काढलं नाही.

"काकू, गच्चीवर आपल्या इथल्या कडक उन्हात ठेवू. थोड्या दिवसांत पक्कं होईल."

"पक्कं झाल्यावर मग असं सरकवता येत न्हाय की?"

"नाही. ओलं आहे तोवरच."

काकूंनी पिशवीतून करडईची बाटली काढली आणि वाटीत पुन्हा तेल ओतलं.

"मग ऱ्हाऊ द्या ओलंच, सर. डोळे अजून आठवायचे हायत."