सांता इरेनेची चाल

“काका, तुम्ही मागे पडताय,” एदसोन खालून ओरडला. “गाणं पार वेशीबाहेर गेलं, तुम्ही अजून अंगणातच.”

तोकुजीने मैदानाच्या मधोमध बांधलेल्या मचाणावर उभ्याउभ्या ढोलाच्या काठ्या खाली केल्या आणि चारी कोपऱ्यांत बसवलेल्या नव्या स्पीकरांकडे पाहिलं. पंचक्रोशीतले ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. कुठलं यंत्र रेंगाळतंय ते त्याला कानाने कळायचं. आज तालमीत कान सांगत होता, की रेंगाळणारे आपणच.

दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. सांता इरेनेच्या वस्तीत हे नाचाचं गाणं पहिल्यांदा वाजलं ते कॉफी सोलायच्या शेडमधल्या जनरेटरवर. त्या जनरेटरला कधी पुरता दम नव्हताच. तबकडी पाय ओढत फिरायची आणि गाणारी बाई पडसं झालेल्या बाप्यासारखी ऐकू यायची. गाणं निघालं तेव्हा आजी-आजोबा जपान सोडून बोटीने इकडे मळ्यांवर आलेले होते; त्यांनी ते आधी कधी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे शंका घेणार कोण? पुढे तबकडीवरून कॅसेट भरली तीही त्याच संथ चालीत. दिवसभर कॉफी तोडून आलेल्या बायकांच्या पायांना ती चाल मानवली. आयांनी लेकींना शिकवली, वर घोगऱ्या आवाजात गायलाही शिकवली. दरसालच्या महोत्सवात अख्खी वस्ती मचाणाभोवती त्याच चालीवर फेर धरायची. दुसऱ्या कुठल्या जपानी वस्तीत नाचायला गेलं, की सांता इरेनेकर हमखास एका टाळीने मागे. लोक म्हणायचे, तुम्हाला घाई म्हणून कसली ती ठाऊक नाही, आणि सांता इरेनेकर ते कौतुकच समजायचे.

एदसोन हा तोकुजीचा पुतण्या. दातांचा डॉक्टर, यंदा महोत्सवाच्या समितीचा अध्यक्ष. त्याने जपानहून गाण्याची मूळ, स्वच्छ प्रत मागवली होती.

“आजोबांच्या गावाकडचे पाहुणे येणारेत, काका. त्यांच्यासमोर त्यांचंच गाणं चुकीचं वाजवायचं? हसतील ना.”

“चुकीचं आहे हे खरंच,” तोकुजी म्हणाला. मोटर हळू फिरणं हा बिघाड असतो, यावर त्याचं दुमत असणं शक्य नव्हतं. “पुन्हा लाव.”

घरी मात्र त्याला जेवण जाईना. त्याची बायको फुसाए समोर बसून उजव्या हाताने त्याला भात वाढत होती. मागच्या वर्षी तिला झटका आला आणि डावं अंग गेलं. दवाखान्यातून आली त्या दिवसापासून ती मागच्या अंगणात आधी भिंत धरत, मग पेरूच्या झाडाभोवती काठी धरत, मग नुसतीच, गाणं गुणगुणत फेऱ्या घालत होती. महोत्सवात एक फेरी नाचायची. आपल्या खुर्चीपासून निघायचं, मचाणाला वळसा घालून खुर्चीपाशी यायचं, काठीशिवाय. बाकी काही तिने वर्षभर मागितलं नव्हतं.

“गाणं जलद झालंय,” तो म्हणाला.

“कळलं मला. किकुनोचा फोन आला होता, शिव्या घालत होती.”

“तुझा पाय...”

“पायाचं मी बघते. तू एदसोनचा पचका करू नकोस, म्हाताऱ्या. राबराब राबलाय पोरगा. तू गाण्याबरोबर वाजव.”

“आणि तू?”

“मी नाचेन जमेल तशी. तू शब्द दे.”

“बरं.”

“बरं काय?”

“गाण्याबरोबर वाजवीन.”

महोत्सवाच्या दिवशी ऊन कलताच कागदी कंदील लागले. समितीच्या बायका पहाटेपासून मोठ्या लोखंडी तव्यांवर नूडल्स परतत होत्या आणि तरी एकमेकींची थट्टा करायला त्यांच्याकडे वेळ होता. इटालियन आडनावांच्या शेजारणी किमोनो घालून मिरवत होत्या, महापौर भजी खात रांगेत उभा होता. तांबड्या मातीने सगळ्यांचे पांढरे मोजे विटकरी झाले होते. मचाणावरून हे बघताना तोकुजीला दरवर्षी भरून यायचं. कॉफीच्या मळ्यात रिकाम्या हाताने उतरलेल्या माणसांनी हे उभं केलं, याचा त्याला मनापासून अभिमान होता.

गाणं सुरू झालं. बाईचा आवाज लख्ख, पाण्यासारखा. तोकुजीने शब्द पाळला. एक ठोका मागे पडू दिला नाही. पोरं आनंदाने उड्या घेत नाचत होती. म्हाताऱ्यांची मात्र पहिल्या कडव्यातच त्रेधा उडाली. “घोडे लावलेत का रे गाण्याला?” असं म्हणत फुसाएची मैत्रीण किकुनो बाहेर पडली आणि खुर्चीत जाऊन बसली. तिच्या मागोमाग बाकीच्याही हसत, धापा टाकत बसल्या.

फुसाए बसली नाही. ती डावा पाय ओढत चालली होती. उजवा हात डाव्या तळव्यावर आपटून तिची टाळी पडेपर्यंत फेर दोन पावलं पुढे गेलेला असायचा, आणि लोक तिला वळसा घालून जात होते.

ती जेमतेम मचाणाच्या पलीकडे पोचली आणि गाणं संपलं.

टाळ्या झाल्या. एदसोनने माईक घेतला, पाहुण्यांचे आभार मानायला लागला. फेर विस्कटला, माणसं खायच्या रांगांकडे वळली. मोकळ्या मैदानात फुसाए एकटी उभी राहिली, उजवा हात अजून नाचातला वर धरलेला. कोणी भल्या माणसाने तिच्यासाठी खुर्ची आणली. तिने मानेनेच नको म्हटलं. नाचाशिवाय नुसतंच चालत खुर्चीपाशी आलं, तर ती फेरी धरायची कशी?

तोकुजीने ते वरून पाहिलं. गाण्याबरोबर वाजवीन, असा त्याने शब्द दिला होता. गाणं तर संपलं होतं.

त्याने काठ्या उचलल्या आणि जुन्या चालीत पहिला ठोका दिला. मग दुसरा, सावकाश.

“काका,” एदसोन माईकमध्येच बोलला, अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. काकाची नजर कुठे आहे ते त्याने पाहिलं. तिकडे फुसाएचा डावा पाय उचलला गेला होता, आणि टाळी बरोबर ठोक्यावर पडली होती. एदसोनने माईक बंद केला.

खुर्च्यांमधून घोगरा, पडसं झाल्यासारखा आवाज उठला. किकुनो गात होती. गातगातच ती उठली आणि फेरात शिरली, मग तिच्या मागे बाकीच्या. रांगांमधले लोक हातातल्या ताटल्या टेकवून परत आले. पोरांना ही चाल पाठच होती. तीही गुमान हळू झाली.

पहिल्या रांगेतले पाहुणे हसत नव्हते. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर गृहस्थ कानामागे हात धरून ऐकत होता. तो एदसोनकडे वाकला.

“फार सुंदर आहे. हे कुठलं गाणं?”

तेच गाणं आहे, तुमचंच, असं सांगायला एदसोनने तोंड उघडलंही होतं.

“आमचं आहे,” तो म्हणाला.

वर तोकुजीची मनगटं भरून आली होती, तरी त्याने ठोका ना वाढवला ना सोडला. फुसाए एकेक पाऊल टाकत आली. खुर्चीच्या पाठीला हात लागला, तशी ती वळली, आणि उरलेलं कडवं तिथेच उभ्याने पुरं केलं. मग बसली. किमोनोची घडी डाव्या गुडघ्यावरून नीट केली, कपाळ टिपलं, आणि मचाणाकडे बघून हाताने खूण केली, पुरे आता.

तोकुजीने काठ्या ढोलावर आडव्या ठेवल्या.